गोळी घेतली की नाही? औषधांचं ॲप पहिल्यांदा वापरताना

रोज औषध घेणाऱ्या माणसाला दोन प्रश्न पडतात. ‘गोळी घ्यायची राहिली का?’ हा पहिला. दुसरा जास्त छळणारा: ‘मघाशी घेतली होती का?’ एकच गोष्ट महिनोन् महिने रोज केली की आजची आठवण कालच्या आठवणीत मिसळून जाते. पाणी प्यायल्याचं आठवतं, पट्टी फोडल्याचं आठवतं, पण ते आज सकाळी की काल, ते सांगता येत नाही. मग कुणी डोस चुकवतो, तर कुणी ‘असू दे, घेऊनच टाकू’ म्हणून दुसऱ्यांदा घेतो. इन्शुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, झोपेची गोळी अशा औषधांत ही दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी महाग पडते.

हा विसराळूपणा काही मोजक्या लोकांचा नाही. दीर्घ आजारांत विकसित देशांतले रुग्णसुद्धा सरासरी निम्मेच सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालात नोंदवलेलं आहे. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. आता खिशात फोन आहे, त्यात औषधांची ॲप्स आहेत आणि ती बरीचशी फुकट आहेत. तरी अनेक जण ॲप उतरवून घेतात, आठवडाभर वापरतात आणि मग घंटी वाजली की नुसतं बोटाने बाजूला सारतात. यात ॲपचा दोष क्वचितच असतो. ते बसवताना घाई झालेली असते, नाहीतर ‘घेतली’चं बटण दाबण्याची सवय चुकीची लागलेली असते.

एक गोष्ट आधीच पक्की करू. ॲपला तुमची गोळी दिसत नाही, त्याला फक्त तुमचं बोट कळतं. बटण दाबलं की त्याच्या लेखी गोळी पोटात गेली. पुढच्या बहुतेक सूचना याच एका मर्यादेतून निघालेल्या आहेत.

आणि प्रत्येकाला ॲप लागतंच असंही नाही. दिवसाला एकच गोळी, तीही वर्षानुवर्षं दात घासल्यावर लगेच घ्यायची सवय असेल, तर आठवड्याच्या सात खणांची डबी पुरते. दोनपेक्षा जास्त औषधं, दिवसातून वेगवेगळ्या वेळा, मधूनमधून बदलणारे डोस, किंवा कुणाच्या तरी औषधांकडे लांबून लक्ष ठेवायचं असेल तर ॲप खरं उपयोगी पडतं.

आधी टेबल, मग फोन

घरात जिथे जिथे औषधं आहेत तिथून ती सगळी एका टेबलावर आणा. ड्रॉवर, पर्स, फ्रिज, उशाशी, गाडीत. फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेलीच नव्हे, तर डोळ्यांचे थेंब, इन्हेलर, मलम, व्हिटॅमिन, कॅल्शियम, डोकेदुखीची गोळी आणि वनस्पतींची औषधंसुद्धा. शेजारी डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी ठेवा. आता एका कागदावर प्रत्येक औषधाची एक ओळ करा: पाकिटावरचं नाव, त्याखालचं मूळ घटकाचं नाव, किती मिलिग्रॅम, एका वेळी किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, कशासाठी आणि कुठपर्यंत.

मूळ घटकाचं नाव लिहायचा कंटाळा येतो, कारण ते बारीक अक्षरात असतं आणि उच्चारता येत नाही. पण या कागदावर सगळ्यात कामाचा रकाना तोच. एका डॉक्टरांनी एका कंपनीची गोळी दिली, दुसऱ्यांनी दुसऱ्या कंपनीची, आणि दोन्हींत औषध एकच, असं बऱ्याचदा घडतं. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून माणूस दोन्ही घेत राहतो. ॲपमध्ये नुसती कंपनीची नावं भरली तर ॲपही तुम्हाला दोन्ही घ्यायची आठवण इमानेइतबारे करून देईल. एकच घटक दोनदा दिसला तर फोन बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारा.

मात्रेचं एकक नीट बघा. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये असते, बाकीच्या बहुतेक गोळ्या मिलिग्रॅममध्ये. या दोघांत हजारपटीचा फरक आहे आणि ॲपच्या यादीत ते एकमेकांच्या खालीच असतात. इन्शुलिन युनिटमध्ये, थेंब थेंबांत, सिरप मिलिलिटरमध्ये. गोळी अर्धी करून घ्यायची असेल तर ‘१०० मिलिग्रॅमची गोळी, अर्धी’ असंच लिहा. नुसतं ‘५० मिलिग्रॅम’ लिहिलं की महिन्याभराने घरातला दुसरा कुणी पट्टीवरचा १०० आकडा बघून गोंधळतो. नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर ती गोळी हळूहळू विरघळणारी आहे. अशी गोळी सहसा मोडायची किंवा कुटायची नसते, तेव्हा विचारल्याशिवाय अर्धी करू नका.

चिठ्ठीवरची अक्षरंही इथेच सोडवून घ्या. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. जाता जाता: डोळ्यांच्या चिठ्ठीवर ओडी दिसलं तर तो ‘उजवा डोळा’ असू शकतो. अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका. चुकीचा अंदाज ॲपमध्ये एकदा भरला की ते तो रोज, ठरल्या मिनिटाला, न चुकता पाळायला लावेल.

या कामाला तासभर लागतो. तो देऊन टाका, कारण पुढे फोनमध्ये करायचं ते यापेक्षा सोपं आहे.

कुठलं ॲप?

नवीन काही उतरवण्याआधी फोनमध्ये काय आहे ते बघा. आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ पासून ‘हेल्थ’ ॲपमध्येच ‘मेडिकेशन्स’ हा विभाग आहे. अँड्रॉइडवर मेडिसेफ आणि मायथेरपी ही दोन नावं बरीच वापरली जातात, ती आयफोनवरही चालतात. मायथेरपीत औषधांबरोबर रक्तदाब, साखर, वजन अशी मोजमापंही टिपता येतात. मेडिसेफमध्ये डोस चुकला तर जवळच्या माणसाला कळवायची सोय आहे.

कुठलंही घ्या, पण चार गोष्टी तपासा. इंटरनेट नसताना घंटी वाजते का? नोंदींचा अहवाल फाइल म्हणून बाहेर काढता येतो का? नोंद केली नाही तर ते पुन्हा आठवण करतं का? फुकटच्या आवृत्तीत किती औषधं भरता येतात? शेवटचा प्रश्न सगळं भरून झाल्यावर कळला तर फार चिडचिड होते. ताऱ्यांची संख्या, रंगीत आलेख, ‘सलग इतके दिवस’ची बक्षिसं यांना मी फारसं महत्त्व देत नाही. अक्षरं मोठी करता येतात का, हे मात्र वयस्कर माणसासाठी निर्णायक ठरतं.

तुम्ही कुठली औषधं घेता यावरून तुमचे आजार कळतात, त्यामुळे ही माहिती कुठे जाते ते पाहायलाच हवं. औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या गुडआरएक्स या कंपनीने वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक, गुगल अशा जाहिरात कंपन्यांना दिली म्हणून २०२३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली आणि १५ लाख डॉलरचा दंड तिला मान्य करावा लागला. खातं न उघडता वापरता येत असेल तर तसंच वापरा. ठिकाण, संपर्कयादी, मायक्रोफोन अशा परवानग्या मागितल्या तर नकार द्या, गोळीची आठवण करून द्यायला त्यांची गरज नसते. ॲपला स्वतःचा पिन लावता येत असेल तर लावा. लॉक स्क्रीनवर औषधाचं नाव दिसू नये असं वाटत असेल तर सूचनेतला मजकूर लपवायची सोय फोनच्या सेटिंग्जमध्ये असते.

औषध भरायचं कसं

पहिल्या दिवशी फक्त एक औषध भरा. रोज घेता ते, साधं, एकवेळचं. दोन दिवस ते चालवून बघा: घंटी वाजते का, नोंद होते का, दुसऱ्या दिवशी कालची नोंद दिसते का. हे जमलं की कागदावरच्या बाकीच्या ओळी घ्या. एकदम दहा औषधं भरून बसलं की कुठे काय बिघडलं ते शोधता येत नाही.

‘औषध जोडा’वर गेलात की नाव लिहायला सुरुवात करताच खाली यादी उघडते. त्यातलं पहिलं नाव निवडण्याचा मोह टाळा, कागदाशी जुळवा. तुमचं औषध यादीत नसेल तर सरळ हाताने टाइप करा, काही अडत नाही. मग मात्रा, मग प्रकार, मग वेळापत्रक.

वेळापत्रकाशी मात्र थांबायचं. बहुतेक ॲप काही विचारण्याआधीच ‘रोज’ निवडून ठेवतात, आणि सगळी औषधं रोजची नसतात. संधिवात किंवा सोरायसिससाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट साधारणपणे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जेवर परिणाम होऊन माणसं दगावली आहेत. हाडांसाठीची अ‍ॅलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळीही आठवड्याची. अशा औषधासाठी वार निवडा, मग पुढच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर उघडून ते त्याच वारी दिसतं ना, ते डोळ्यांनी बघा. दिवसाआड घ्यायचं, २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबायचं, सोमवारी एक आणि मंगळवारी दीड, अशा तऱ्हाही ॲपमध्ये बसवता येतात. एखादी तऱ्हा बसत नसेल तर तेच औषध दोन नोंदींत विभागून टाका. आठ-दहा दिवसांच्या अँटिबायोटिकला शेवटची तारीख भरायला विसरू नका, नाहीतर पट्टी संपून महिना झाला तरी ॲप हाका मारत राहतं.

वेळ कुठली ठेवायची? चिठ्ठीवर ‘सकाळी’ असतं, ॲपला मिनिटापर्यंत वेळ हवी असते. इथे बहुतेक जण सकाळी आठ, रात्री आठ असे गोल आकडे टाकतात आणि तिथेच फसतात. आठ वाजता तुम्ही प्रवासात असाल, अंघोळीला असाल, तर घंटी वाजून उपयोग काय? औषधाची डबी हाताच्या अंतरावर असते ती वेळ शोधा. रोज ९:२० ला घराबाहेर पडत असाल तर ८:५५ ठेवा.

पण काही औषधांची वेळ तुमच्या सोयीने ठरत नाही. लेव्होथायरॉक्सिन अनशापोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवावी लागते, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. ‘सकाळच्या सगळ्या गोळ्या एकदम’ अशी एकच घंटी लावण्याआधी हे तपासा. अ‍ॅलेन्ड्रोनेट घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नसतं, म्हणजे ती घंटी अंथरुणात वाजून चालत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतली तर पोटाचा त्रास कमी होतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांपैकी सिमव्हास्टॅटिन संध्याकाळी घेतात, अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालते, पण रोज त्याच वेळी. पार्किन्सन्सच्या लेव्होडोपाला तर थोडा उशीरही जाणवतो. तिच्यासाठी स्वतंत्र, मोठ्या आवाजाची घंटी ठेवा.

टिपणाच्या जागी आपल्या भाषेत दोन शब्द लिहून ठेवा: ‘बीपीची, पांढरी, छोटी’. ॲपमध्ये गोळीचा रंग-आकार निवडता येतो, फोटोही जोडता येतो, तो जरूर जोडा. मात्र दुसऱ्या कंपनीची गोळी आणली की रंग बदलतो, तेव्हा त्याच दिवशी फोटोही बदला. जुना फोटो नसलेल्या फोटोपेक्षा वाईट.

घंटी खरंच वाजते का?

‘ॲप बेकार आहे, वाजतच नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा ॲप हाक मारायला तयार असतं आणि फोनच त्याचं तोंड दाबतो. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड फोन न वापरलेली ॲप झोपवून ठेवतात. ही पद्धत २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आहे, आणि काही कंपन्या त्यावर स्वतःची आणखी कडक बंधनं घालतात.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपचं पान उघडा आणि तीन ठिकाणं बघा. एक, नोटिफिकेशन. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक नव्या ॲपला ही परवानगी स्वतंत्र द्यावी लागते, आणि पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत ‘नको’ म्हटलं गेलेलं असतं. दोन, ‘अलार्म आणि रिमाइंडर’ नावाची परवानगी. ही नसेल तर सूचना येते, पण ठरल्या मिनिटाला येईलच असं नाही. तीन, बॅटरी. तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘कोणतंही बंधन नाही’ अशा अर्थाचा पर्याय निवडा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ हा आणखी एक खटका असतो, तोही चालू करा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ वापरत असाल तर त्यातून या ॲपला सूट द्या. आणि ॲपच्या पानावरचं ‘फोर्स स्टॉप’ कधीही दाबू नका, त्याने लावलेल्या घंट्या रद्द होतात आणि ॲप पुन्हा उघडेपर्यंत गप्प राहतं.

आयफोनवर ‘फोकस’ (ठरावीक वेळी सूचना थोपवून धरायची सोय) चालू असताना सूचना अडकतात. हेल्थ ॲपमध्ये आयओएस १७ पासून दोन उपयोगी खटके आले: नोंद केली नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा आठवण, आणि फोन मुका असला तरी वाजणारी ‘क्रिटिकल अलर्ट’. महत्त्वाच्या औषधाला दुसरा खटका लावाच, पण सगळ्या औषधांना लावू नका. सगळंच तातडीचं झालं की कान त्याला सरावतात.

आता परीक्षा. तीन मिनिटांनंतरची वेळ लावा, फोन लॉक करा, उलटा ठेवा आणि थांबा. वाजली? मग दुसरी परीक्षा रात्रीची: फोनला रात्रभर हात न लावता सकाळची घंटी वेळेवर वाजते का बघा. झोपवलेली ॲप बहुधा इथेच पकडली जातात.

फारसं कुणी सांगत नाही असा आणखी एक घोळ. रात्री अपडेट होऊन फोन आपोआप पुन्हा सुरू झाला आणि तुम्ही अजून पिन टाकला नसेल, तर अनेक ॲप्स जागी झालेलीच नसतात. त्या सकाळी घंटी वाजणार नाही. उठल्यावर फोन उघडायची सवय नसणाऱ्यांनी आपोआप होणारी रात्रीची अपडेट बंद ठेवलेली बरी.

घंटी वाजली. आता?

उठा. गोळी काढा. पाण्याबरोबर गिळा. मग फोन हातात घ्या आणि ‘घेतली’ दाबा. क्रम हाच.

आधी बटण दाबून मग गोळीकडे निघालात आणि मध्येच दार वाजलं, कुणाचा फोन आला, तर ॲपमध्ये गोळी घेतलेली आहे आणि पोटात नाही. संध्याकाळी शंका आली की तुम्ही नोंद बघणार, नोंद म्हणणार ‘घेतली’, आणि तुम्ही निश्चिंत होणार. अशी खोटी नोंद असण्यापेक्षा नोंदच नसलेली परवडली, कारण तेव्हा निदान शंका तरी जिवंत राहते. उठणं शक्य नसेल तर घंटी पुढे ढकला, बंद करू नका. नुसती बोटाने सरकवून टाकलेली सूचना म्हणजे घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही, अशी अधांतरी नोंद. दिवसाच्या शेवटी अशा अधांतरी नोंदी दिसल्या तर आठवत असेल तेवढंच भरा. आठवत नसेल तर रिकामी ठेवा.

जाणूनबुजून गोळी घेतली नाही तर ‘वगळली’ दाबा आणि कारण लिहा: उलट्या होत होत्या, गोळ्या संपल्या, चक्कर येत होती. ही कारणं डॉक्टरांच्या फार कामाची.

ॲप एकटं पुरेल असं मी म्हणणार नाही. सात खणांची डबी आणि ॲप ही जोडी खरी. डबी आठवड्यातून एकदा, चांगल्या उजेडात, कागद समोर ठेवून भरा. मग ‘घेतली की नाही’ला दोन साक्षीदार मिळतात: सोमवारचा खण रिकामा आहे का, आणि ॲपमध्ये नोंद आहे का. दोन्ही जुळले तर प्रश्न मिटला. जुळले नाहीत तर पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजा. तरीही उलगडा झाला नाही तर अंदाजाने दुसरी गोळी घेऊ नका, फार्मासिस्ट किंवा डॉक्टरांना फोन करा. इन्शुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या बाबतीत तर नक्कीच. (काही औषधं मूळ पाकिटातच ठेवायची असतात, ओलाव्याने खराब होतात. डबीत घालण्याआधी पाकिटावरचा मजकूर वाचा.)

डोस चुकल्याचं उशिरा लक्षात आलं, तर भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. इतकं बहुतेक औषधांना लागू पडतं. त्यापलीकडचा नियम मात्र प्रत्येक औषधाचा निराळा. आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेट चुकली तर आठवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्यायची आणि मग आपल्या नेहमीच्या वारावर परत यायचं, एकाच दिवशी दोन नाहीत. गर्भनिरोधक गोळीचे नियम किती तास उलटले यावर ठरतात. म्हणून औषध नवीन सुरू होतं तेव्हाच विचारा: ‘चुकली तर काय करू, आणि किती तासांपर्यंत घेतली तर चालेल?’ मिळालेलं उत्तर त्या औषधाच्या टिपणात लिहून ठेवा. रात्री अकरा वाजता ते तिथे सापडलं की डॉक्टरांना उठवावं लागत नाही.

गरज पडली तर घ्यायच्या गोळ्या

डोकेदुखी, ताप, ॲलर्जी, धाप यांच्या औषधांना घंटी लावू नका, पण नोंद जरूर करा. ॲपमध्ये ‘गरजेनुसार’ असा पर्याय असतो. पॅरासिटामॉलचंच बघा: प्रौढ माणसाने दोन डोसांत किमान चार तास जाऊ द्यायचे आणि २४ तासांत सगळी मिळून ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. यकृताचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा आणखी खाली. आता तापाच्या गोळीत ते आहे, सर्दीच्या गोळीत आहे आणि अंगदुखीच्या गोळीतही असू शकतं. तापात वेळेचं भान राहत नाही, ‘मघाची’ गोळी दोन तासांपूर्वीची की पाच, ते सांगता येत नाही. नोंदीत वेळ पडलेली असते.

इन्हेलरची नोंदही अशीच बोलकी. धाप लागल्यावर ओढायचा इन्हेलर आठवड्यात किती वेळा लागला, तो आकडा वाढत असेल तर दमा आटोक्यात नाही, हे तुमच्याआधी ॲपमध्ये दिसतं.

डोस बदलला तर

जुनी नोंद खोडून तिथेच नवा आकडा टाकू नका. जुन्या औषधाला शेवटची तारीख द्या आणि नवा डोस नवीन औषध म्हणून भरा. असं केलं तर तीन महिन्यांनी ‘२५ वरून ५० कधी केलं आणि सूज कधी सुरू झाली?’ याचं उत्तर नोंदीत मिळतं. बंद केलेलं औषधही पुसू नका, थांबवून ठेवा.

रुग्णालयातून घरी आल्यावर संपूर्ण यादी पुन्हा टेबलावर आणा, अगदी पहिल्या दिवसासारखी. तिथे काही बंद झालेलं असतं, काही दुसऱ्या नावाने सुरू झालेलं असतं, आणि ॲपला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच दिवशी बसणं शक्य नसेल तर निदान जुन्या घंट्या थांबवा आणि रुग्णालयाच्या कागदाप्रमाणे हाताने चालवा.

ॲप कधी ‘ही दोन औषधं एकत्र घेऊ नका’ असा इशारा देतं. त्याने घाबरून स्वतःहून औषध बंद करायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि फार्मासिस्टला दाखवा. इशारा आला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असाही नव्हे, विशेषतः नाव हाताने टाइप केलं असेल तर. ॲपला ते औषध कुठलं हेच कळलेलं नसतं.

दुसऱ्याच्या औषधांची काळजी घेताना

आईवडिलांची औषधं आपल्या फोनवरून सांभाळायची असतील तर पहिला प्रश्न: बटण कुणी दाबायचं? माझं मत ठाम आहे. ज्याच्या हातून गोळी दिली जाते किंवा जो ती गिळतो, त्यानेच. घरातल्या दोघांच्या फोनवर घंट्या लावल्या आणि दोघेही धावले की एकाच्या जागी दोन डोस पडतात. दूरच्या मुलाने ‘घेतली का ग, आई?’ विचारून स्वतःच्या फोनवर बटण दाबणं यात नोंद फक्त ‘हो’ या उत्तराची होते.

लांबून लक्ष ठेवायचं तर नोंद त्यांच्या फोनवर आणि डोस चुकल्याची सूचना आपल्या फोनवर, अशी मांडणी करा. त्यांना विचारून, सांगून. चोरून पाळत ठेवली की माणूस चिडून खोटी बटणं दाबायला लागतो, आणि मग सगळ्याच नोंदी कुचकामी. सूचना आली की लगेच ओरडायचं नाही, अर्धा तास जाऊ द्या. ज्यांना स्मार्टफोन हाताळणं जमत नाही त्यांच्यावर तो लादू नका. डबी, भिंतीवरचा तक्ता आणि रोजचा एक फोन त्यांना जास्त सोयीचा पडतो.

प्रवास, साठा, डॉक्टरांची भेट

परदेशी गेल्यावर फोनचं घड्याळ आपोआप बदलतं आणि घंट्या स्थानिक वेळेला वाजू लागतात. बऱ्याच औषधांना एवढ्याने फरक पडत नाही, पण इन्शुलिन, अपस्माराची औषधं, गर्भनिरोधक गोळ्या यांचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा.

साठा मोजायची सोय वापरा. हातातल्या गोळ्या मोजून आकडा भरला की प्रत्येक ‘घेतली’ला ॲप तो कमी करत जातं, आणि सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की सांगा असं त्याला बजावता येतं. याचा आडून एक फायदा होतो. महिन्यातून एकदा ॲपमधला आकडा आणि पट्टीतल्या खऱ्या गोळ्या जुळवून बघा. पट्टीत जास्त गोळ्या उरल्या असतील तर बटण दाबून गोळी न घेतलेले दिवस आहेत. कमी असतील तर कधीतरी दोनदा घेतली आहे, किंवा घेऊन नोंद राहिली आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी महिन्याचा अहवाल काढा. टक्केवारीकडे कमी आणि चुकलेल्या डोसांच्या वेळांकडे जास्त बघा. सगळे चुकलेले डोस रात्रीचेच आहेत का? सुट्टीच्या दिवशीचेच? रात्रीचा डोसच नेहमी राहत असेल तर ती गोळी सकाळी चालेल का, असं सरळ विचारा. पुष्कळदा चालते.

आणि अहवाल वाईट दिसतो म्हणून तो लपवू नका, किंवा आदल्या रात्री बसून रिकाम्या जागा भरू नका. रक्तदाब चढा आहे आणि रुग्ण म्हणतो आहे की गोळ्या रोज घेतो, तर डॉक्टरांपुढे एकच वाट उरते: हा डोस पुरत नाही, वाढवू या. मग वाढवलेला डोस ज्या आठवड्यात खरोखर रोज घेतला जातो त्या आठवड्यात रक्तदाब एकदम खाली येतो आणि माणूस उठताना तोल जाऊन पडतो. ‘आठवड्यातून दोनदा चुकते’ ही नोंद डॉक्टरांसमोर असेल तर ते आधी वेळ बदलतील, दोन गोळ्यांच्या जागी एक देतील, डोस वाढवायची घाई करणार नाहीत.

अहवाल काढलाच आहे तर सध्याच्या औषधांच्या यादीची एक प्रत छापून, वर तारीख आणि ॲलर्जी लिहून, पाकिटात ठेवा. बॅटरी संपलेली असेल किंवा फोन लॉक असेल तर ॲपमधली यादी रुग्णवाहिकेतल्या माणसाला वाचता येत नाही. डोस बदलला की जुनी प्रत फाडून टाका.